दाराकडे बघत

“मावशी, तुमच्या यजमानांचं नाव काय?”

येसूबाईंचे ओठ हलले, मिटले, परत हलले. डाव्या हाताची बोटं पदराशी चाळा करू लागली. उजवा हात मांडीवर पडून होता, ओल्या जाळ्यासारखा. अमरीन थांबली. घाई करायची नाही, शब्द पुरवायचा नाही, मनात दहा मोजायचे, हे आता तिच्या अंगात मुरलं होतं.

येसूबाईंनी मान वळवून बंद दाराकडे पाहिलं.

“वि... विनो... द.”

फॉर्मवर पतीचं नाव धाकू होतं. विनोद हा थोरला मुलगा, आणि त्याच्यापुढे कंसात ‘मयत’. अमरीनने कच्च्या कागदावर काहीतरी खरडलं आणि गुणांच्या रकान्यात शून्य घातलं.

वाचा, भाषा आणि श्रवणदोषांच्या पदवीचं तिचं हे शेवटचं वर्ष. तीन वर्षं मुंबईच्या कॉलेजात काढून इंटर्नशिपला ती आपल्याच गावात, रत्नागिरीच्या एका लहानशा केंद्रात आली होती. दुसरी खोली अडलेली म्हणून आज तिने येसूबाईंना कान तपासायच्या खोलीत बसवलं होतं. त्या खोलीला भिंतभर जाड फोम. बाहेरच्या रिक्षाचा हॉर्न आत येत नाही, आतला शब्द बाहेर जात नाही. बाहेर बाकावर धाकूकाका मांडीवर चहाचा थर्मास धरून बसले होते. येसूबाईंना अर्धांगाचा झटका आल्याला तीन महिने झाले होते, आणि तेव्हापासून हा माणूस बायकोपासून हातभरही दूर गेला नव्हता. आज पहिल्यांदाच अमरीनने त्यांना बाहेर बसवलं होतं.

दोन दिवसांनी रिपोर्ट तयार झाला. ‘वाचाघात. पतीचे नाव सांगता येत नाही. जवळच्या माणसांची ओळख शंकास्पद.’ खाली केंद्रातल्या तिच्या वरिष्ठ, संस्कृती मॅडमची सही.

रिपोर्ट घ्यायला दिशा आली होती, येसूबाईंची मुलगी, विरारहून चार दिवसांच्या रजेवर. तिने तो उभ्याउभ्याच वाचला आणि वडिलांकडे वळली.

“बाबा, आता तरी ऐका. तिला तुम्हीच कळत नाही. मग इथं असली काय नि विरारला असली काय! मी नेते तिला. सोमवारची गाडी आहे.”

“आन मी?”

“दोन खोल्यांत कुठं मावणार सगळी? तुम्ही अधूनमधून या ना.”

धाकूकाकांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. चाळीस वर्षं होडीवर वारा ओळखण्यात गेली होती, पण कागदापुढे नजर खाली गेली. ते अमरीनजवळ आले आणि हळूच म्हणाले, “डाक्टरबाय, मना खरंच वळखत नाय ती?”

“चाचणीत तसं आलंय, काका.”

“मग तसंच आसल.” त्यांनी थर्मास काखेत घेतला. “तुमी लय मन लावून इचारलाव तिला. उपकार झाले.”

हे उपकार अमरीनला घरापर्यंत बोचत राहिले.

राजिवड्यातल्या घरी त्या संध्याकाळी गजबज होती. तिचे अब्बा, अयूब, कुवेतहून महिन्याच्या सुट्टीवर आले होते आणि आल्यापासून मागल्या पडवीत स्कूटर खोलून बसले होते. अमरीन पुढच्या खोलीत उशीला टेकली होती. स्वयंपाकघरातून अम्मीची हाक आली.

“अमरीऽन! चाय थंड होतेय!”

अमरीन उठून गेली. अम्मीने कप मागे ओढला.

“तुला नाय गो. तुझ्या अब्बांना हाक मारली.”

“मग माझं नाव का?”

“मग काय अयूब, अयूब करू? तुझी दादी कबरीतून उठंल!” अम्मी हसली. “तू झालीस तवापासून हेच. तू मुंबईला होतीस, ते सुट्टीवर घरात होते, तवा दिवसातून वीसदा अमरीन अमरीन करायची मी. शेजारची अमरीन वैतागायची.”

पडवीतून अब्बा आले, काळे हात पुसत. “हाक मारलीस?”

अमरीन कपाकडे बघत उभी राहिली. या घरात ती बावीस वर्षं ही हाक ऐकत होती. ऐकण्याचंच शिक्षण घेत होती. आणि हे तिला ऐकू आलं नव्हतं. जात्यावरच्या ओवीत तरी बायको नवऱ्याचं नाव कुठे घेते? चुडा म्हणते, कंथ म्हणते, कपाळीचं कुंकू म्हणते. दळण सरतं, रात्र सरते, नाव तेवढं ओठांच्या आत राहतं.

तिने पिशवीतून कच्चा कागद काढला. तिथे तिचंच अक्षर होतं : ‘वि... विनो... द. (दाराकडे बघत.)’

दाराच्या पलीकडे बाकावर कोण बसलं होतं, ते तिला आत्ता दिसलं.

पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला शिकवलं होतं : आधी ऐकलं तसं लिहा, मग गुण द्या. तिने लिहिलं होतं. पक्क्या रिपोर्टात मात्र फक्त शून्य उतरवलं. तिने संस्कृती मॅडमना फोन लावला आणि रडत सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या :

“शून्य तुझं, पण सही माझी आहे. कच्चा कागद मी मागायला हवा होता. उद्या रविवार, पण उद्याच जा. आणि हे बघ, तिथे परीक्षा घेऊ नकोस. फक्त ऐक.”

सकाळी अब्बांनी रात्रीच जुळवलेल्या स्कूटरवरून भाट्याच्या पुलापलीकडे सोडलं. येसूबाईंच्या घरात ओटीवर बॅग उघडी होती आणि दिशा आईची लुगडी घड्या घालून भरत होती. येसूबाई खुर्चीत, तोंड भिंतीकडे. धाकूकाका मागच्या परड्यात माडाखाली फाटकं जाळं घेऊन बसले होते. आज ते आपणहून लांब बसले होते. सवय करून घेत असावेत.

“दिशाताई, एक विचारू? आई बाबांना कशी हाक मारायच्या?”

“आई? ती दादाच्या नावानं...” दिशाचा हात घडीवरच राहिला. “का?”

अमरीनने कागद पुढे केला. दिशाने वाचला. परत वाचला.

“हे रिपोर्टात नव्हतं.”

“नव्हतं. मी घातलं नाही. चूक माझी आहे, ताई.”

दिशा बॅगेशेजारी खालीच बसली. “दादा नऊ वर्षांचा होऊन गेला, काविळीनं. मी पाळण्यात होते. आत्या म्हणायची, आता तरी दिशाच्या नावानं हाक मार, गेलेल्याचं नाव संध्याकाळचं घेऊ नये. आईनं नाही बदलली. मला लहानपणी राग यायचा.” तिने डोळे पुसले. “तुझ्यावरही आला होता आत्ता. पण तू आलीस गं बाई. नसती आलीस तर?”

चुलीवरच्या चहाला उकळी फुटली. दिशाने उठून तीन कपांत चहा गाळला, आणि चौथा कप, कान तुटलेला, भरून आईसमोरच्या स्टुलावर ठेवला. तो बाबांचा होता, हे सांगायला नको होतं.

अमरीन येसूबाईंजवळ उकिडवी बसली. “मावशी, चहा झाला.”

एवढंच. पुढचा प्रश्न तिने गिळला. मनात मोजू लागली. एक, दोन, तीन.

येसूबाईंनी कपाकडे पाहिलं. मग मान मागल्या दाराकडे वळली. सहा, सात. गळ्याची शीर ताणली गेली.

“वि...”

दिशाने तोंडावर हात दाबला.

“वि... नो... दाऽ!”

अर्धीमुर्धी, खरखरीत हाक, पण दार उघडं होतं. ती न्हाणीवरून, केळींवरून, परड्यात गेली.

“आलो गो!”

शब्द आधी निघून गेला आणि माणूस मागाहून हबकला, असं झालं. परड्यात क्षणभर काहीच हललं नाही. मग धाकूकाका उंबऱ्याशी येऊन उभे राहिले, जाळ्याची सुई अजून बोटांत. ते बायकोकडे बघत राहिले. येसूबाईंनी डाव्या हाताने कान तुटलेला कप त्यांच्या बाजूला सरकवला. बशीत थोडा सांडला.

“साखर कमी हाय,” एक घोट घेऊन ते म्हणाले. आवाज ओला होता. “तरी बरा हाय.”

दिशा बॅगेतली लुगडी काढून परत कपाटात लावू लागली.

निघताना धाकूकाकांनी सुक्या बांगड्यांचा पुडा अमरीनच्या हातात कोंबला. “डाक्टरबाय, न्या. उपकार झाले.”

“काका, उपकार मावशींचे. मला शिकवायला कुणी एवढे कष्ट घेतले नव्हते.”

ओट्यावर बसून तिने नवा रिपोर्ट लिहायला घेतला. आधी ऐकलं तसं. ‘पतीला हाक मारते.’ पुढे तिने ती हाक लिहिली, तुटकी होती तशीच, मधल्या जागा सोडून. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी गेलेल्या पोराला या घरात रोज हाक जात होती आणि रोज कुणीतरी ‘आलो’ म्हणत होतं, याला मात्र फॉर्मवर रकाना नव्हता.

आतून परत हाक आली, मघापेक्षा जरा मोकळी. धाकूकाका या वेळी येसूबाईंच्या शेजारीच बसले होते. तरी त्यांनी ओ दिली.