वाटेच्या बांबूची नोंद

सोमवार, दिनांक १९ मे २०२५. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. आलापल्लीच्या रस्त्यावरील एका तपासणी नाक्यापाशी उभ्या असलेल्या ट्रकमध्ये बांबूचे एकशेवीस गठ्ठे होते. प्रत्येक गठ्ठ्यात वीस, म्हणजे एकूण दोन हजार चारशे बांबू. आणि त्या सगळ्यांच्या वर आडवा टाकलेला सुटा एक.

त्या एकाने गाडी अडवली होती.

नाक्याचे वनपाल वामनराव यांनी गठ्ठे मोजले, मधले सहा सोडून पाहिले, पुन्हा बांधून घेतले आणि हातातल्या टॅबकडे बोट दाखवून शांतपणे सांगितले की नोंद दोन हजार चारशेची आहे आणि माल दोन हजार चारशे एक आहे. आवाजात राग नव्हता. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कधी अंदाजाने सही केली नव्हती, आणि निवृत्तीला चार महिने उरले असताना ती सवय लावून घेण्याचा त्यांचा विचार नव्हता.

दुर्गा मडावी शेडच्या सावलीत उभी राहून ते ऐकत होती. ती नायब तहसीलदार. सात महिन्यांपूर्वी तिच्याकडे समन्वय अधिकारी म्हणून जास्तीचे काम आले होते. या कामात अधिकार कमी आणि फोन जास्त होते. कोसमटोल्याच्या ग्रामसभेला आपल्या जंगलातला बांबू विकण्याचा हक्क होता. पण गाडी हलवायची तर वाहतूक परवाना लागे, आणि तो परवाना ग्रामसभा, वन विभाग, गडचिरोलीचा महसूल आणि वैनगंगेपलीकडचे चंद्रपूर जिल्हा प्रशासन अशा चौघांच्या नजरेखालून जाई. एकाची वही दुसऱ्याला दिसत नसल्यामुळे प्रत्येकाला नव्याने खातरजमा करावी लागे. एका गाडीच्या कागदाला पंधरा-पंधरा दिवस जात. मागच्या वर्षी पाऊस आधी आला, कागद नंतर आले, आणि आवारात राहिलेल्या निम्म्या बांबूला भुंगा लागून त्याचे पीठ झाले.

यावर उपाय म्हणून ब्लॉकचेनची सामाईक नोंदवही ठरली होती. दुर्गाने ती गावात समजावली तेव्हा कोणताही इंग्रजी शब्द वापरला नव्हता. वही एक, प्रती चार. एकाने ओळ लिहिली की बाकी तिघांनी ती पाहून संमती द्यायची. लिहिणाऱ्याची धरून चारही संमती पडल्या की ओळ पक्की. मग ती कलेक्टरलाही खोडता येत नाही.

अवघड तंत्र नव्हतेच, अवघड होती ती बैठक-व्यवस्था. सर्व्हर कोणाच्या खोलीत ठेवायचा यावर नऊ बैठका झाल्या. प्रत्येक कार्यालयाला वही मान्य होती, फक्त ती आपल्या कपाटात हवी होती. शेवटी दुर्गाने दहावी बैठक कोसमटोल्याच्या समाजमंदिरात घेतली. तिथे खुर्च्या नव्हत्या. चारही बाजूंचे लोक सतरंजीवर मांडी घालून बसले आणि कोण कुठे बसले याला काही अर्थ उरला नाही. त्या दिवशी ठरले की सर्व्हर चार आणि मान समान.

आज त्या वहीतली पहिली गाडी निघाली होती. दुपारी चार वाजता राज्याच्या आढावा समितीची व्ही.सी., म्हणजे पडद्यावरची बैठक, होती. तोवर गाडी चारही संमतींनिशी नदी ओलांडून चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलच्या बाजूला गेलेली दिसली, तर हा प्रयोग पुढे चालणार होता. नाही दिसली, तर गुंडाळला जाणार होता. कोसमटोल्याच्या आवारात आणखी सोळा हजार बांबू पडलेले होते आणि मृगाला तीन आठवडेही उरले नव्हते.

ट्रकच्या केबिनमधून ग्रामसभेचे अध्यक्ष डोमा उतरले. साठीचे, सडपातळ, खांद्यावर दुपट्टा. दुर्गाने त्यांना विचारले, हा एक कुठून आला?

"आला नाई बाई, ठेवला. तो वाटेचा बांबू हाय."

मग त्यांनी सांगितले ते असे. कोसमटोल्यातून बांबूची गाडी निघाली की तिच्यावर एक बांबू न मोजता ठेवायचा. तो विकायचा नाही. जिथे गाडी रिकामी होईल तिथल्या कोणालाही तो देऊन टाकायचा, म्हणजे आपल्या जंगलाची त्या गावाशी ओळख राहते. बैलगाडीच्या दिवसांपासून हे असेच चालत आले होते. म्हणून सचिव सोमारीने सकाळी नोंद करताना दोन हजार चारशेच लिहिले. तिच्या दृष्टीने ते बरोबर होते. तो एक बांबू गावात कोणीच कधी मोजला नव्हता.

"इकलं ते मोजतो आमी," डोमाभाऊ म्हणाले. "देलं ते काऊन मोजाव?"

वामनराव म्हणाले की विकलेला असो वा दिलेला, जंगलातून निघालेल्या प्रत्येक बांबूला परवाना लागतो. "भाऊ, तुमची ओळख तुम्ही खुशाल द्या. पण माझी नोकरी नका देऊ."

"तुमाले चारच महिने रायले साहेब. तेवढ्याले कोन घेईन?"

ट्रकचा ड्रायव्हर हसला. वामनरावांच्या मिशाही किंचित हलल्या. पण टॅब त्यांनी खाली ठेवला नाही.

सव्वाअकराला जिल्ह्याच्या ठिकाणाहून महसूलच्या एका वरिष्ठांचा फोन आला. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि सुचवले की एक बांबू खाली टाकून विषय संपवावा. एका बांबूपायी चार वाजताची व्ही.सी. घालवू नये. सूचना व्यवहार्य होती. दुर्गाने डोमाभाऊंकडे पाहिले. ते म्हणाले, बांबू उतरवला तर गाडी जाईल, पण मग ती कोसमटोल्याची गाडी नसेल, आणि दुसरी गाडी गाव भरणार नाही. हे त्यांनी धमकी म्हणून सांगितले नव्हते. उद्या ऊन पडेल असे सांगावे तसे सांगितले होते.

दुसरी वाट आणखी सोपी होती. वामनरावांनी वरचा बांबू पाहिलाच नाही असे धरायचे. ड्रायव्हरने ती सुचवलीही. दुर्गाला क्षणभर मोह झाला. सात महिने, दहा बैठका, आणि मध्ये हा एक बांबू. पण जी ओळ पुढे कोणालाही खोडता येणार नाही, तिच्यात पहिल्याच दिवशी खोटे घालायचे असेल, तर जुन्या वह्या काय वाईट होत्या? निदान त्या खोडता तरी येत.

तिने बाकावर कागद ठेवला आणि क्रमाने मांडले. पहिली ओळ सकाळीच चौघांच्या संमतीने पक्की झालेली, ती बदलता येत नाही. तिच्या खाली पुरवणी ओळ जोडता येते. पुरवणी ओळीलाही चारही संमती लागतात. म्हणजे वन विभागाला तो बांबू लिहिलेला हवा आणि गावाला तो न मोजलेला हवा, अशी एकच ओळ शोधायची होती.

तिने सोमारीला फोन लावला. गाडीला निरोप द्यायला जमलेले लोक अजून समाजमंदिरातच होते. सोमारीने फोन स्पीकरवर टाकला. कोसमटोल्यात हात वर करून निर्णय होत नसत. शेवटच्या माणसाची हरकत मिटेपर्यंत बोलणे चालत असे. दुर्गाने विचारले, वाटेचा बांबू वहीत लिहिला तर चालेल का? एकेक जण बोलला. बहुतेकांना चालणार होते. शेवटी मंगलीबाईंचा आवाज आला. गावातल्या सर्वांत वयस्क त्या.

"मोजला का तो इकल्यासारखा होते," त्या म्हणाल्या. "मोजू नोका."

एकीची हरकत म्हणजे गावाची हरकत. घड्याळात अकरा पन्नास झाले होते.

वामनराव इतका वेळ फोनजवळ उभे राहून ऐकत होते. त्यांनी घसा खाकरला.

"बाई, मी नाक्यावरचा वनपाल बोलतो. मला आकडा नको आहे. उद्या पुढच्या नाक्यावर कोणी विचारलं, तर तो बांबू कोणता, एवढं सांगता आलं पाहिजे. तुम्ही तो ओळखता कसा?"

"बुडाच्या पेराले हळद लावतो ना," मंगलीबाई म्हणाल्या. "म्याच लावली सकाळी."

"मग मी तेवढंच लिहितो. बुडाच्या पेराला हळद लावलेला वाटेचा बांबू, सोबत. संख्या लिहीत नाही."

पलीकडे बराच वेळ गोंडीत बोलणे चालले. दुर्गाला ते कळत होते. वामनरावांना नव्हते, आणि ते तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. मंगलीबाई विचारत होत्या की हा माणूस जंगलखात्याचा असून असे कसे बोलतो. कोणीतरी म्हणाले, म्हातारा झाला असेल. मग हसणे ऐकू आले, आणि हसण्यातच मंगलीबाईंचे मराठी वाक्य.

"लिवा साहेब. चांगल्या अक्षरात लिवा."

वामनरावांनी सांगितली तशीच पुरवणी ओळ दुर्गाने लिहिली. ग्रामसभेची संमती बारा वाजून चार मिनिटांनी पडली, वन विभागाची बारा वाजून सहा मिनिटांनी. महसूलच्या त्याच वरिष्ठांना तिने स्वतः फोन केला. ते म्हणाले, संख्येशिवाय नोंद आपण आजवर कधी केलेली नाही. दुर्गाने उत्तर दिले, "सर, खरी गोष्ट लिहायला रकाना नव्हता, म्हणून ती आजवर वहीबाहेर राहिली. आज चौघांनी मिळून रकाना करू." मग टॅबवर तिसरी हिरवी खूण उमटली.

चौथी चंद्रपूरची. तिथल्या समन्वय अधिकारी रीता रामटेके आपल्या टेबलापाशी सकाळपासून बसून होत्या. त्यांनी टॅबवरच्या कॉलवर एकच प्रश्न विचारला, हळद पुसली गेली तर? डोमाभाऊंनी टॅबजवळ तोंड नेऊन सांगितले की कोसमटोल्याची हळद धुतल्यानेही जात नाही, नदीत पडली तर नदी पिवळी होते. रीताबाई हसल्या. बारा वाजून एकवीस मिनिटांनी चौथी खूण पडली आणि ओळ पक्की झाली.

वामनरावांनी अडसर स्वतः उचलला. नाक्यावरचे सगळे उभे राहिले होते. का ते कोणालाच नीट सांगता आले नसते. डोमाभाऊ केबिनमध्ये चढताना वामनरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चाला साहेब, रिटायर झाल्यावर गावाले या. मोजाले नाई, जेवाले."

ट्रक तीन वाजून बत्तीस मिनिटांनी वैनगंगेचा पूल ओलांडून मूलच्या बाजूला गेला. चार वाजता पडद्यावर समितीचे सात चेहरे दिसले. त्यांच्यासमोर एका गाडीच्या दोन ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीपुढे चार हिरव्या खुणा. समितीच्या अध्यक्षांनी दुसरी ओळ मोठ्याने वाचली आणि हे काय आहे असे विचारले. दुर्गा उत्तर द्यायला उठली, तोच गडचिरोलीचे वरिष्ठ आणि चंद्रपूरच्या रीताबाई एकाच वेळी बोलू लागले. सात महिन्यांत प्रथमच ती दोन कार्यालये एकाच बाजूने बोलत होती. दुर्गा पुन्हा खाली बसली आणि तिने त्यांना बोलू दिले.

प्रयोग गुंडाळला गेला नाही. नोंदवहीच्या नमुन्यात संख्येशिवायचा एक रकाना कायमचा घातला गेला. कोसमटोल्याचे उरलेले सोळा हजार बांबू पहिल्या मोठ्या पावसाच्या चार दिवस आधी गावाबाहेर पडले. वर्षअखेरीस दोन्ही जिल्ह्यांत मिळून या वहीत सामील झालेल्या ग्रामसभा : एकशे अठरा.