दोन पगारांचा महिना

ग्लेनिसला जाऊन सहा आठवडे झाले होते, तरी सरकारी खात्यात ती अजून जिवंत होती. तिच्या नवऱ्याने, नेव्हिलने, कळवलंच नव्हतं.

बाकी सगळीकडे त्याने कळवलं होतं. ज्या शाळेत ती मुलांना जेवण वाढायची आणि जिथे एका दुपारी वाढता वाढताच खाली कोसळली, त्यांना कळवायची गरज नव्हती. पण बँकेत कळवलं, दातांच्या डॉक्टरकडे कळवलं, तिच्या बहिणीला कळवलं. सरकारी मदतीचं तेवढं राहिलं. राहिलं म्हणजे त्याने राहू दिलं. ते काम ग्लेनिसचं होतं. दर शनिवारी ती वाचनालयात जाऊन कॉम्प्युटरवर बसायची. येताना लेकीसाठी, मार्नीसाठी, एक पुस्तक आणि घरासाठी उतरत्या भावातला पाव आणायची. तिथे बसून ती काय लिहायची, ते त्याने कधी विचारलं नाही. दोघांच्या पगारात भाडं आणि पोट दोन्ही भागत नव्हतं आणि कमी पडेल ते सरकार घालत होतं, एवढं त्याला ठाऊक होतं. आणि ते ठाऊक असणं त्याला आवडत नव्हतं.

तो इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीत माशांच्या कारखान्यात होता. पहाटे चारला उठायचं, डोक्याला जाळी, पायात पांढरे गमबूट, आणि सरकत्या पट्ट्यावरून येणारे फिश फिंगर, माशांचे लांबट तुकडे, बघत उभं राहायचं. तुटका दिसला की उचलून बाजूला टाकायचा. एकोणीस वर्षं तो हेच करत होता. नऊला चहाची सुट्टी. कँटीनमधल्या त्या वीस मिनिटांत रे नावाचा त्याचा सोबती बोलायचा आणि बाकीचे हसायचे.

"आमच्या गल्लीतला तो जाड्या," रे सांगायचा, "बाराला उठतो लेकाचा. उठला की टीव्हीसमोर. टीव्ही केवढा, तर आपल्या पट्ट्याएवढा! आणि पैसे कोणाचे? तुझे, माझे आणि या नेव्हचे. काय रे नेव्ह?"

नेव्हिल मान हलवायचा. एकदा तर तोच म्हणाला होता, "या सगळ्या फुकट्यांना रांगेत उभं करून मासे सोलायला लावलं पाहिजे." कँटीन हसलं होतं. रेने पाठीवर थाप मारली होती. खूश होऊन त्याने घरी येऊन ते ग्लेनिसला सांगितलं. ती बटाटे कुस्करत होती.

"मग उद्याच आपल्या दोघांना उभं कर," ती म्हणाली. "माझी सुरी मी घेऊन येते."

तो हसला नव्हता. ती पुन्हा बटाटे कुस्करू लागली होती.

ऑक्टोबर संपता संपता एका गुरुवारी ग्लेनिसचा फोन वाजला. साधा बटणांचा फोन होता. नेव्हिल तो रोज चार्ज करून ठेवायचा. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पडद्यावर अक्षरं होती: ग्लेनिस, तुमच्या खात्यात नवा संदेश आला आहे.

"सरकारचा असेल," मार्नी म्हणाली. ती बारा वर्षांची होती आणि आई गेल्यापासून मोठ्या बाईसारखं बोलत होती. "आईने तक्रार केली होती ना, जानेवारीची. त्याचं उत्तर असेल."

"कसली तक्रार?"

मार्नीने त्याला स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरपुढे नेलं. कोपऱ्यावरच्या मासे-चिप्सवाल्याने दिलेलं कॅलेंडर. त्यावर ग्लेनिसच्या हातचे लाल गोल होते आणि हिरव्या रेघा होत्या. नेव्हिलने ते वर्षभर पाहिलं होतं आणि त्याला वाटलं होतं की कचऱ्याच्या गाडीचे दिवस असतील.

"लाल गोल म्हणजे तुझा पगार, बाबा. दर चार आठवड्यांनी. हिरवी रेघ म्हणजे सरकारचा महिना. अकरा तारखेपासून पुढच्या दहापर्यंत. एका रेघेत एक गोल असला तर सगळं ठीक. वर्षातून एकदा एका रेघेत दोन गोल येतात. मग सरकारला वाटतं, बाबाला दुप्पट पगार झाला. मग ते त्या महिन्याचं काहीच देत नाहीत."

"दुप्पट कुठे? मला तर तेवढाच मिळतो."

"आईपण हेच म्हणायची."

मागच्या वेळी दोन गोल अकरा डिसेंबर आणि आठ जानेवारीला आले होते. नेव्हिलला तो जानेवारी आठवला. रोज वाटाण्याचं सूप असायचं. "पुन्हा तेच?" असं तो एकदा म्हणाला होता. "थंडीत बरं असतं," ती म्हणाली होती. आता पुढचे दोन गोल त्याला दिसले. बारा नोव्हेंबर आणि दहा डिसेंबर. हिरवी रेघ दोघांच्याही खालून गेली होती, आणि रेघेच्या टोकाला तिने छोटंसं लिहिलं होतं: डबे.

पलंगाखाली डबे होते. वाटाणे, राजमा, टोमॅटो, आणि नाताळसाठी पीचचे दोन. ती एप्रिलपासून एकेक आणून ठेवत होती. ते पायाला लागले की तो चिडायचा. बायको चिकट होत चालली आहे, असं त्याला वाटायचं.

शनिवारी तो वाचनालयात गेला. तिथली जॉसलिन त्याला ओळखत नव्हती, पण नाव सांगितल्यावर तिने हातातली पुस्तकं खाली ठेवली.

"ये राजा, बस. खिडकीची ती तिची जागा. म्हणायची, ऊन पायावर येतं आणि फुकट मिळतं."

पासवर्ड कॅलेंडरच्या पाठीमागे तिच्या अक्षरात होता, तो त्याने चिठ्ठीवर आणला होता. जॉसलिनने तो घालून दिला आणि मग हलक्या आवाजात विचारलं, "तू कळवलंस का त्यांना? ती गेल्याचं?"

"नाही अजून."

"अरे! असं करू नकोस. उशीर झाला तर तेच उलटे तुझ्या मागे लागतील. आज करून टाक."

"केलं की या खात्याचं काय होतं?"

"हे बंद होईल. तुझ्या एकट्याच्या नावाने नवं होईल."

"आणि हे सगळं? तिने लिहिलेलं?"

जॉसलिनने खांदे उडवले. "मला खरंच माहीत नाही, राजा. दिसेलही. नाही दिसलं तर नाही."

नवा संदेश सगळ्यात वर होता. चार ओळींचा. दोन्ही पगार एकाच कालावधीत जमा झाले असल्यामुळे तेवढं उत्पन्न धरण्यात आलं, ते नियमानुसार बरोबर आहे, ही तक्रार बंद करण्यात येत आहे. परिस्थितीत काही बदल असल्यास कळवावे. नऊ महिन्यांनी आलेलं ते उत्तर त्याने दोनदा वाचलं. मग तो खाली तिचं वाचत गेला.

"माझ्या नवऱ्याचा पगार वाढलेला नाही. फक्त तारखा तशा पडल्या. त्या महिन्यात आम्ही काही दुप्पट जेवलो नाही."

"मी वाट बघते आहे. घाई नाही असं लिहिणार होते, पण घाई आहे."

"तुम्ही विचारलंत की तो जास्त तास काम करू शकतो का. तो चारला उठतो. रात्री जेवताना त्याचा डोळा लागतो आणि चमचा हातात तसाच असतो. आणखी काम कर असं मला त्याला सांगता येणार नाही. तुम्हाला सांगवत असेल तर तुम्ही सांगा. पण कृपा करून कामावर फोन करू नका. तिथे फोन कँटीनच्या भिंतीवर आहे, कोणीही उचलतं. आम्ही मदत घेतो हे त्याने तिथे सांगितलेलं नाही. त्याला अवघड होईल. चांगला माणूस आहे. काही असेल तर मला फोन करा."

नेव्हिलने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. शेजारच्या कॉम्प्युटरवर एक म्हातारा बसची वेळ शोधत होता आणि ती सापडत नाही म्हणून स्वतःशी पुटपुटत होता.

"हे कागदावर काढून मिळेल?" त्याने जॉसलिनला विचारलं.

"प्रिंटर शुक्रवारपासून बंद पडलाय. माणूस सोमवारी येणार म्हणतात. म्हणतात हं."

त्याने पेन्सिल आणि कागद मागून घेतले. शाळा सुटल्यापासून त्याने एवढं लिहिलं नव्हतं. कँटीनच्या फोनचं त्याने आधी उतरवलं, मग जानेवारीपासून एकेक. सगळं वाचून झालं होतं, पण हात भराभर चालत नव्हता. जूनपर्यंत आला तेव्हा जॉसलिन किल्ल्या वाजवत दिवे बंद करू लागली. शनिवारी वाचनालय दुपारीच बंद व्हायचं.

"पाच मिनिटं," ती म्हणाली. "ते कळवून घे, राजा. बाकीचं राहू दे."

त्याने बदल कळवायची जागा उघडली. काय बदललं, असं विचारलं होतं आणि खाली यादी होती. पत्ता. नोकरी. मूल झालं. जोडीदार घर सोडून गेला. त्याला हवं होतं ते पार खाली होतं. मग विचारलं होतं, हा बदल कोणत्या तारखेपासून? त्याने तारीख घातली. बटण दाबलं. पडद्यावर लगेच उत्तर आलं.

धन्यवाद, ग्लेनिस. तुमच्या परिस्थितीतील बदल आम्हाला कळला आहे.

जॉसलिनने त्याच्या खांद्यावरून ते वाचलं. "अगं बाई," एवढंच ती म्हणाली, आणि शेवटचा दिवा बंद करायच्या आधी थोडा वेळ थांबली.

पुढच्या शनिवारी त्याचं खातं उघडलं. त्यात काहीच नव्हतं. ग्लेनिसचं एक अक्षरही नव्हतं. ऑगस्टचं तिचं शेवटचं लिहिणं उतरवायचं राहून गेलं होतं. ते आठवायचा प्रयत्न करत तो आठवडाभर पट्ट्यापाशी उभा होता. अर्थ आठवत होता, शब्द आठवत नव्हते. नवल की काहीतरी असा एक शब्द होता. तुटके फिश फिंगर तसेच पुढे गेले म्हणून मुकादम ओरडलाही.

रिकाम्या पानावर त्याने एका बोटाने लिहिलं. लिहायला तास गेला.

"मी ग्लेनिसचा नवरा. ती लिहायची ते बरोबर होतं. बारा नोव्हेंबरला आणि दहा डिसेंबरला माझा पगार होईल. तो दुप्पट पगार नाही. आता घरात तिचाही पगार नाही. आम्ही दोघंही कामाला जात होतो आणि तरी पुरत नव्हतं. ज्याला कामावर जाऊनही पुरत नाही त्याला तारखेसाठी उपाशी ठेवणं मला बरोबर वाटत नाही. फोन करायचा असला तर कामावर करा. कँटीनच्या भिंतीवर आहे, सकाळी नऊला. कोणीही उचलेल. कशासाठी केला ते त्याला सांगितलं तरी चालेल."

फोन आला तो डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी. चहाची सुट्टी नुकतीच झाली होती. उचलला तो रेने.

"नेव्ह, तुला आहे. कोणी बाई आहे." मग त्याने फोनवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मदतीच्या ऑफिसातून बोलतेय म्हणे. काय रे, त्या जाड्याच्या ऐवजी तुझं नाव लागलं की काय यादीत?"

दोघं-तिघं हसले.

"चुकून लागलेलं नाही," नेव्हिल म्हणाला. "मी घेतो. ग्लेनिस होती तेव्हापासून घेतो. आण इकडे."

रेने फोन दिला आणि तो तिथेच उभा राहिला. कुठे जावं ते त्याला कळेना.

बाईचा आवाज तरुण होता. तिने आधी दुःख झाल्याचं सांगितलं. मग सांगितलं की नियम तोच आहे. दहाचा पगार याच महिन्यात धरला जाईल आणि नाताळाआधी काही जमा होणार नाही.

"तुम्हाला हे बरोबर वाटतं?" नेव्हिलने विचारलं.

"मला काय वाटतं ते लिहायला माझ्या फॉर्मवर जागा नाही."

"माझ्या बायकोचं लिहिलेलं तुम्हाला दिसतं का अजून? मला दिसत नाही."

"दिसतं. फोन करायच्या आधी मी सगळं वाचलं."

"ऑगस्टचं वाचून दाखवाल? माझं उतरवायचं राहिलं."

"मला तसं वाचून दाखवता..." ती म्हणाली आणि थांबली. "थांबा हं. उघडते."

नेव्हिलने खिशातून पेन्सिल काढली. कागद नव्हता. त्याने सँडविचचा कागद टेबलावर पालथा करून हाताने सपाट केला, पण फोनची वायर तिथपर्यंत पुरेना. रेने टेबल ढकलत भिंतीपाशी आणलं. टेबलाचे पाय जमिनीवर करकरले. तेवढ्यात सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि बाकीचे जाळ्या नीट करत उठले.

"तू घे लिहून," रे त्याच्याकडे न बघता म्हणाला. "तुझ्या जागेवर मी उभा राहतो."

कँटीन रिकामं झालं. बाई वाचू लागली.

"हळू," नेव्हिल म्हणाला. "माझा हात हळू चालतो."

ती एकेक शब्द सुटा करून वाचू लागली. "डिसेंबरच्या हिशेबात... पुन्हा... दोन पगार... एका महिन्यात येणार आहेत. मुद्दाम... आधी सांगते आहे... म्हणजे तेव्हा... तुम्हाला... नवल वाटणार नाही."

त्याने ते लिहिलं. नवल या शब्दापाशी पेन्सिल तेलकट कागदावरून घसरली, म्हणून त्याने तो पुन्हा गिरवला.

"पुढे?"

"पुढे काही नाही," बाई म्हणाली. "खाली फक्त त्यांचं नाव आहे."

"तेही सांगा," नेव्हिल म्हणाला.