शाळेतला मुराळी

संगमेश्वर त्या दिवशी वेशीपाशी तोंड मिटून बसले असते, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तोंड मिटून बसणं त्यांना लग्नाच्या बैठकीत जमलं नव्हतं, ग्रामसभेत जमलं नव्हतं आणि सोयऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच जमत नव्हतं.

देगलूरकडच्या एका गावात त्यांची बऱ्यापैकी जमीन होती. एकुलती एक लेक तनुजा लातूर जिल्ह्यात, उदगीरजवळच्या गावात दिलेली. जावई वैजनाथ सरळ माणूस. व्याही धोंडप्पाही सरळच, फक्त राजकारणात वाकडे, असं संगमेश्वरांचं मत होतं. धोंडप्पांचंही त्यांच्याबद्दल नेमकं तेच मत होतं. राज्यात तीन पक्षांनी मिळून सरकार केलं, ते धोंडप्पांच्या मनातलं. संगमेश्वरांचा पक्ष सगळ्यांत जास्त आमदार निवडून आणून बाहेर बसला, ते दुखणं त्यांच्या पोटात घर करून राहिलं. तेव्हापासून दोघे व्याही ग्रुपवर सकाळी फुलांची चित्रं टाकायचे आणि दुपारपर्यंत भांडायचे. टाळेबंदी आली तशी फुलंही बंद झाली. नुसतं भांडण राहिलं.

अशात तनुजाला नववा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, यात विचारायचं काही नव्हतंच. नीलाबाईंनी जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती, डिंकाचे लाडू वळून डबा झाकून ठेवला होता. लेकीला माहेरी आणायला जाणारा तो मुराळी. एरवी भाऊ जातो, पण तनुजाला भाऊ नाही. म्हणजे बापानंच जायचं.

फक्त जिल्हा ओलांडायला पास लागत होता.

"आजारपणाचं, बाळंतपणाचं कारण असलं की देतेत म्हणं," नीलाबाई म्हणाल्या. "मोबाईलवर अर्ज करा की."

"माझ्या लेकीला आणाया मी त्या सरकारला इचारू?" संगमेश्वर उसळले. "ज्याला मी राज्यकर्ता मानत न्हाई, त्याच्यापुढं हात पसरू? जाय, जाय!"

नीलाबाईंनी मग दोन दिवस रोज तेच सांगितलं आणि यांनी रोज तेच उत्तर दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चुलतभावाची जीप घेतली, मागच्या बाजूला गाद्या टाकल्या आणि नाका टाळून लेंडी नदीच्या कोरड्या पात्रात गाडी घातली. पुढं पांदणीच्या वाटा, शेतं, बांध. दुपार चढायच्या आत ते लेकीच्या गावाच्या वेशीत हजर.

वेशीत बाभळीच्या फांद्या आडव्या टाकून गावची माणसं तोंडाला गमजे बांधून बसलेली. धोंडप्पाही तिथंच होते, कारण ते गावचे पोलीस पाटील. संगमेश्वर जीपमधून उतरले, हात जोडून शरणार्थ केला, आणि एवढ्यावर थांबायचं सोडून मोठ्यानं म्हणाले, "काय ते तुमच्या सरकारचे नाके! कुत्रं इचारलं न्हाई मला. पास न्हाई, फीस न्हाई, नदीतून सरळ आलो. सांगा तुमच्या मुख्यमंत्र्याला!"

फांद्यांपाशी बसलेली माणसं हसली नाहीत. सगळ्यांनी पोलीस पाटलाकडं पाहिलं. दोनच दिवसांपूर्वी गावचाच एक माणूस हैदराबादेहून बायकोलेकरांसह चालत आला होता आणि धोंडप्पांनी त्याला घराचा उंबरा शिवू न देता शाळेत पाठवलं होतं. त्याचा भाऊ त्या घोळक्यात उभा होता.

धोंडप्पांनी गमजा तोंडावर नीट ओढला. मग म्हणाले, "इवाई, भाईरच्या जिल्ह्यातून बिनापासचा आला तर चौदा दिवस शाळेत. चला."

"मी? मी मुराळी हाय!"

"मुराळी असा न्हाई तर आमदार असा. एकट्यात सांगितलं असतं तर काय तरी केलं असतं. समद्या गावापुढं सांगितलं तुमी. आता माझा इलाज न्हाई."

"हे राजकारण हाय! तुमी सूड उगवून राहिले!"

"समजा तसंच," धोंडप्पा म्हणाले. "अन् एक सांगा. त्या नदीतून, त्या पांदणीतून नववा लागलेली पोरगी हादरे देत नेणार व्हता व्हय?"

संगमेश्वरांनी मागच्या गाद्यांकडं बोट दाखवलं खरं, पण त्यांना स्वतःलाच ते पटलं नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीच्या वर्गात त्यांची सोय झाली. भिंतीवर बाराखडी, कोपऱ्यात रचून ठेवलेले बाक, मधे त्यांनीच आणलेली गादी. संध्याकाळी तनुजा आली आणि फाटकाबाहेर लांब उभी राहिली. पोट सांभाळत, पदराचं टोक तोंडाला लावून. "अप्पा, तुमी पास कामून काढला न्हाई?" एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. तिलाही माहेरचीच ओढ होती. सासू बसम्मा जीव लावत होत्या, पण आई ती आई. संगमेश्वरांना वाटलं, आपल्या थोबाडीत कुणीतरी मारावी. आपल्या ताठ्यापायी लेकीचं माहेरपण गेलं, हे त्यांना त्या घटकेला लख्ख कळलं. अर्थात ते तोंडानं म्हणाले, "समदं त्या सरकारपायी."

दुसरा पेच लगेच उभा राहिला, तो जेवणाचा. लेकीला लेकरू होईस्तोवर बापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, असा संगमेश्वरांच्या घराण्याचा रिवाज. आता कुणी पाळत नाही, पण हे पाळायचे. लग्न झाल्यापासून कितीदा आले, पण दरवेळी शेजारच्या मलप्पांकडं जेवून गेले, लेकीच्या हातचा चहासुद्धा घेतला नाही. आता शाळेत कोंडलेल्या माणसानं जेवायचं कुठं? नीलाबाईंनी बांधून दिलेल्या दशम्या दोन दिवस पुरल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी धोंडप्पा डबा घेऊन आले. फाटकाच्या आत सरकवून मागं सरले.

"कुणाच्या घरचा?" संगमेश्वरांनी झाकणाला हात न लावता विचारलं.

"मलप्पाच्या. मला ठावं हाय तुमचा रिवाज. खावा."

मग तेच रोजचं झालं. एक दिवस मलप्पांकडचा डबा, एक दिवस मलप्पांच्या भावाकडचा, कधी वरच्या आळीतला. रोज संगमेश्वर विचारायचे, "कुणाच्या घरचा?" आणि धोंडप्पांनी घराचं नाव सांगितल्यावरच डबा उघडायचे. पूजेला विभूती आणि बेलाची पानंही डब्याबरोबर यायची. जेवण होईस्तोवर धोंडप्पा फाटकाबाहेर लिंबाखाली बसायचे, आणि तेवढ्या वेळात भांडण उरकून घ्यायचं, अशी रीत पडली.

"दारूची दुकानं उघडली तुमच्या सरकारनं," संगमेश्वर भाकरी मोडत म्हणायचे, "अन् देवळं बंद! ह्यो कुठला न्याय?"

"तुमचं देऊळ कशाला पायजे? तुमचा देव तर तुमच्या गळ्यात हाय," धोंडप्पा म्हणाले. "बसल्या जागी पूजा करून राहिले रोज. कोण अडवलं?"

संगमेश्वरांचा हात आपोआप गळ्यातल्या इष्टलिंगाकडं गेला आणि त्यांना मनातून हसू आलं, पण ते त्यांनी घासाबरोबर गिळलं.

त्यांचाही दिवस आला. सत्तेतला कुणी पुढारी गावावरून गेला, मागं गाड्यांची रांग, वेशीतल्या बाभळीच्या फांद्या हां हां म्हणता बाजूला झाल्या आणि धोंडप्पांनीच हार घातला. शाळेच्या खिडकीतून सगळं दिसत होतं. त्या दुपारी संगमेश्वरांनी जेवायच्या आधीच तोंड उघडलं. "त्यो कुठल्या जिल्ह्यातून आला? त्याला कोणती शाळा दिली? तिसरीचा वर्ग मोकळा हाय की!"

धोंडप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी लिंबाची काडी मोडून मोडून तिचे तुकडे केले. "चुकलं आमचं," ते शेवटी म्हणाले. "मला फोन आला व्हता वरून. म्या अडवायला पायजे व्हतं."

संगमेश्वरांना वाटलं होतं, हे ऐकून आपल्याला लई आनंद होईल. तसा काही झाला नाही. त्यांनी डब्याचं झाकण उघडलं आणि म्हणाले, "आज मिरची बरी दिली मलप्पानं."

एका सकाळी, अजून शाळेतून सुटायला काही दिवस होते, रस्त्यानं रुग्णवाहिका गेली. दवाखाना उदगीरला. संगमेश्वर अंघोळ अर्धी टाकून फाटकाला आले. थोड्या वेळानं धोंडप्पा आले, हातात डबा नव्हता.

"कळा सुरू झाल्या. वैजनाथ गेला, बसम्मा गेली. दवाखान्यात आत एकच बाई घेतेत म्हणं. मला नको म्हणले."

"मला सोडा. मी लांब उभा राहतो."

"न्हाई इवाई. आता तर अजिबात न्हाई. तिथं लेकरं हायेत, बाळंतिणी हायेत."

संगमेश्वर फाटकाच्या आत बसले, धोंडप्पा बाहेर. नुसतं बसणं दोघांनाही सोसेना, म्हणून मग ते भांडायला लागले. मास्क, रेशन, मजुरांच्या गाड्या, वाजवलेल्या थाळ्या, घरात बसलेला मुख्यमंत्री, चार तासांत बंद केलेला देश, काही म्हणून सोडलं नाही. धोंडप्पांचा आवाज चढला, संगमेश्वरांचा त्याहून चढला. पलीकडच्या वर्गातला हैदराबादवाला घाबरून दारात आला. मधूनच फोन वाजला की दोघेही एकदम गप्प. मग फोन खताच्या दुकानाचा निघायचा आणि भांडण जिथं तुटलं तिथून पुन्हा जोडलं जायचं.

दुपारी धोंडप्पांच्या फोनला रेंज येत-जात राहिली. "देवळाच्या ओट्यावर रेंज येतीया," म्हणत ते उठले आणि गेले ते आलेच नाहीत. संगमेश्वर वर्गात फेऱ्या मारत राहिले. त्यांनी घरी फोन लावला, तर नीलाबाई तिकडं देवापुढं बसून होत्या. उन्हं कलली. पोटात सकाळपासून काही नव्हतं, पण भुकेची आठवण कुणाला! वाईट बातमी असली की माणूस असाच तोंड चुकवतो, हे त्यांच्या मनातून जाईना. पास काढला असता तर पोरगी आज आपल्या घरात, आपल्या आईपाशी असती. दवाखाना देगलूरलाही होता. कुठल्या मुख्यमंत्र्यानं अडवलं होतं? त्यांनी गळ्यातलं इष्टलिंग हातात घेतलं आणि डोळे मिटले.

फाटक वाजलं. धोंडप्पा उभे होते. बंडीला पीठ लागलेलं, डोळे लाल. त्यांनी डबा आत सरकवला आणि नेहमीसारखे मागं सरले.

"काय झालं? तनुजा कशी हाय?"

"आधी खावा."

"कुणाच्या घरचा?" संगमेश्वरांच्या तोंडून सवयीनं गेलं.

धोंडप्पांनी गमजानं तोंड पुसलं.

"आमच्या घरचा," ते म्हणाले.

संगमेश्वर डब्याकडं बघत राहिले. मग त्यांना कळलं, आणि त्यांनी डबा दोन्ही हातांनी जवळ ओढला.

"नात झाली," धोंडप्पा म्हणाले. "दोघी बऱ्या हायेत. बसम्मा तिकडं हाय, घरात दुसरी बाई न्हाई. तवा म्याच थापल्या. याळ लागला."

भाकरी एका बाजूनं करपलेली आणि मधे कच्ची होती. पिठल्यात गुठळ्या होत्या. संगमेश्वरांनी लेकीच्या घरचा पहिला घास तोंडात घातला आणि तो चावता चावता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसायचं त्यांना सुचलं नाही.

"भाकर कच्ची हाय," ते म्हणाले. "तुमच्या सरकारवानी."

"गुमान खावा," धोंडप्पा लिंबाखाली बसत म्हणाले. "अन् सव्वा महिन्यानं या दोघींना न्यायला. पास काढून या."

संगमेश्वरांनी घास गिळला.

"काढतो," ते म्हणाले आणि दुसरी भाकरी घेतली.