पाच वाफ्यांचं मीठ

माणूस देवापुढे हात जोडतो तेव्हा तळवे एकमेकांना चिकटलेले असतात, आत काय दडवलंय ते दिसत नाही. नगरपालिकेचे माळीबुवा गेले तीन महिने असेच हात जोडत होते. "देवा, क्षमा कर," म्हणायचे, आणि कशाबद्दल ते मात्र ओठांवर येऊ द्यायचे नाहीत. जसं काही त्याला ठाऊकच नाही!

गोष्ट होती चौकातल्या पाच वाफ्यांची. घड्याळाच्या खांबाभोवती सिमेंटच्या कट्ट्यांत बांधलेले पाच वाफे. एके काळी तिथे अशी फुलं असायची की ती बघत उभ्या माणसांची बस चुकायची. मग बुवांचा जोडीदार निवृत्त झाला, त्याच्या जागी कुणी आलं नाही, आणि बुवांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. तण मात्र कधी संपावर जात नाही. आज उपटलं की परवा हजर. साहेब गाडीची काच खाली करून म्हणायचे, "बुवा, जंगल झालंय की हो!" शेवटी एका वैतागलेल्या दुपारी बुवांनी खडेमिठाचं पोतं आणलं आणि मुठी भरभरून पाचही वाफ्यांत फेकलं. तण जळून गेलं. उरलीसुरली फुलंही गेली. साहेब म्हणाले, "आता कसं स्वच्छ दिसतंय!" त्या शाबासकीची चटक लागली म्हणा, की गुडघ्यांना सवय लागली म्हणा, चार वर्षं, दर वर्षी एक पोतं.

त्यावर कडी म्हणजे वाफ्यांच्या बुडाची भोकं. पाणी निथळायला ठेवलेली. त्यांतून गढूळ पाणी फुटपाथवर यायचं आणि चौकातला न्हावी रोज शंख करायचा, की गिऱ्हाईक पायाला चिखल घेऊन दुकानात येतं. बुवांनी सिमेंट कालवलं आणि भोकं बुजवून टाकली. न्हावी गप्प, साहेब खूश, बुवा मोकळे. आणि मीठ? बाहेर पडायला वाटच नाही, ते जाणार कुठे? तिथेच मुरत राहिलं.

तसंच राहिलंही असतं, पण गावाला सजायची लहर आली. "आपलं गाव उजळू या" अशी पाटी लागली. कुणी भिंती रंगवायला घेतल्या, कुणी बागेतली बाकं. आणि चौकातले वाफे मागून घेतले ते नेमके बुवांच्या ताईनं.

आई गेल्यावर बुवांना हिनंच वाढवलं. सत्तावन्न वर्षांच्या भावाला ती अजून 'बारक्या' म्हणते. तिचं पहिलं मूल आठ दिवसांचं होऊन गेलं, दुसरं तेवढंही राहिलं नाही. तेव्हा सासू दारात उभी राहून म्हणाली होती, "हिच्या हाताखाली काही जगायचं नाही." त्यानंतर ताई शिवणाच्या मशीनवर बसली ती चाळीस वर्षं उठली नाही. म्हणायची, "कापड बरं बाबा. मरत नाही." पुढे नजर अधू झाली, मशीन सुटलं, रिकामे हात खायला उठले. म्हणून तिनं गॅलरीत तेलाच्या रिकाम्या डब्यात भीत भीत एक सदाफुली लावली. ती जगली! तिसऱ्या डब्यात झिनिया फुलली त्या दिवशी ताईनं बुवांना कामावरून बोलावून घेतलं. "बारक्या, बघ की रे! माझ्या हाताला आलं!" सत्तरीच्या बाईच्या चेहऱ्यावर एवढं कोवळं ऊन बुवांनी कधी पाहिलं नव्हतं.

तीच ताई रोपांची परडी घेऊन चौकात वाफ्याशी बसली, तेव्हा बुवा शेजारीच उभे होते. त्याच क्षणी सांगायचं होतं. पण त्या क्षणी न्हावी बघत होता, दोन शेजारणी बघत होत्या, आणि ताई अभिमानानं सगळ्यांना सांगत होती, "आमचा बारक्या माळी आहे ना, रक्तातच आहे आमच्या." कसं सांगणार?

दहा दिवसांत रोपांच्या कडा करपल्या, मग माना पडल्या.

"काय चुकलं रे माझं?" ताईनं विचारलं.

"पाणी जास्त होतंय," बुवा म्हणाले. दुसरीकडे बघत.

तिनं पाणी कमी केलं. दुसरी रोपं आठवड्यातच गेली. मग बुवा म्हणाले, ऊन फार आहे. तिनं जुन्या चादरी फाडून सावली शिवली, काठ्यांवर बांधली. न्हावी दारातून ओरडला, "माळीबुवा, बहिणीला जरा विद्या शिकवा की! सोनाराच्याच बहिणीचे कान बुचे?" सगळे हसले. बुवाही हसले.

तिसऱ्या खेपेला तिनं गॅलरीतली सदाफुली लावली. भिंतीच्या फटीत येते, गटाराच्या कडेला येते, अशी ती सदाफुली. तीही मेली.

बुवा देवापुढे बसायचे ते याच दिवसांत. देवाला सांगणं सोपं असतं. देव काही खुरपं घेऊन उन्हात बसलेला नव्हता.

एका सकाळी बुवा बहिणीकडे गेले तर जिन्यात अकरा डबे ओळीनं मांडलेले, आणि न्हावी दोन डबे काखोटीला मारून उतरतोय.

"हे काय?"

"ताईंनी न्यायला सांगितलंय. फुकट ते पौष्टिक!"

आत ताई स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. लहान मुलं बसतात ना, काही हात लावू नको म्हटल्यावर, तशी.

"ताई, डबे आत घे."

"नको रे. कालपासून गॅलरीतली झिनिया पण मान टाकतेय. तू म्हणालास म्हणून तिलाही पाणी बेतानंच घालतेय, तरी. दुसऱ्याच्या दारात तरी जगतील." मग हलकेच म्हणाली, "सासूबाईंना मी उगाच वाईट समजत होते बघ. बिचाऱ्या खरं तेच बोलल्या."

बुवा तिच्यासमोर जमिनीवर बसले. "ताई, मीठ," ते म्हणाले.

"ओट्यावर आहे, निळ्या बरणीत."

"ते नाही. वाफ्यातलं. मी टाकलंय."

आणि मग सांगितलं सगळं. पोती, गुडघे, बुजवलेली भोकं. ताई ऐकत राहिली.

"पहिली रोपं मेली तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"हो."

"दुसरी?"

"हो."

"सदाफुली?"

बुवांनी नुसती मान डोलावली.

"पाणी कमी घाल म्हणालास. मी कमी घातलं," ताई म्हणाली. "मीठ गुडघ्यांनी टाकलं, असं एक वेळ म्हणू. पण हे कुठल्या गुडघ्यानं केलंस रे?"

ताई उठली, चपला घातल्या आणि चौकाकडे चालू लागली. बुवा मागोमाग. वाफ्याशी पोचल्यावर तिनं चिमूटभर माती जिभेवर ठेवली, थुंकली, आणि कट्ट्यावर बुवांकडे पाठ करून बसली.

"काय हो ताई, आता माती खायची वेळ आली?" न्हावी दारातून म्हणाला.

"माती मी खाल्ली," बुवा म्हणाले. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाले. "वाफ्यांत मीठ मी टाकलं होतं. ताईनं एक रोप मारलेलं नाही. एकही नाही." बसथांब्यावरची माणसं वळून बघू लागली. न्हाव्यानं मान आत घेतली.

बुवांनी कोठीतून पहार आणली. गुडघे टेकले, कळ मस्तकात गेली, जाऊ दिली. पहिल्या वाफ्याचं भोक फोडायला अर्धा तास लागला. मग नळाला पाइप लावून वाफा काठोकाठ भरला. भोकातून आधी थेंब आले, मग धार लागली, तपकिरी, फेसाळ. ती फुटपाथवरून वळसा घेत थेट न्हाव्याच्या उंबऱ्याशी गेली.

"अहो, दुकानात चिखल!"

"येऊ दे," ताई मागे न बघता म्हणाली. "बारक्या पुसेल."

बुवांनी पुसला. पुन्हा वाफा भरला, पुन्हा पुसला. तिसऱ्या खेपेला ताईनं विचारलं, "असं किती वेळा?"

"दहा-बारा वेळा. मग वरची वीतभर माती बदलायची. एकेका वाफ्याला आठवडा तरी."

"पाच आठवडे, म्हणजे."

"हो. मग तू लाव."

"ते मी बघीन," ताई म्हणाली. पण बोलता बोलता तिनं हात खाली नेला आणि वाहत्या धारेत धरला. मग ती बोटं तिनं जिभेला लावली. पुन्हा थुंकली.

दुपारी ती न्हाव्याच्या दुकानातून आपले दोन डबे परत घेऊन निघाली. एकात मान टाकलेली झिनिया होती. बुवांनी डबा घ्यायला हात पुढे केला. ताईनं तो डबा कडेवर घट्ट धरला आणि चालू लागली. बुवा रिकामे हात घेऊन तिच्या मागून चालत राहिले. मध्येच त्यांनी सवयीनं हात जोडायला घेतले, आणि तसेच सोडून दिले.