ताराबाईची गाणी

शालिकरामनं स्वयंपाकघराचं दार लोटलं, खिडकी ओढून घेतली, एक्झॉस्टचा पंखा सुरू केला आणि मगच पुढची ओळ सांगितली. सांगितली कसली, पुटपुटली. ओट्यापाशी उभ्या असलेल्या सुनेला ती धड ऐकूही आली नाही.

"जरा मोठ्यानं म्हणा ना, मामाजी. चाल कळत नाही."

"चाल अशी," म्हणत त्यानं डाळीच्या डब्यावर बोटानं ठेका धरला. "इथं थांबायचं. मग इथून वर चढायचं. समजलं?"

श्वेताला समजलं नव्हतं, पण तिनं मान हलवली. वाडी उपनगरातल्या त्या इमारतीच्या भिंती अशा की शेजारच्या चंपतरावांना शिंक आली तर इकडच्यांनी अंग चोरावं. इथून गाणं तिथे पोचायला कितीसा वेळ? आणि गाणं तरी कसलं, तर पोरीबाळींनी म्हणायचं भुलाबाईचं! रिटायर झालेल्या एसटी ड्रायव्हरच्या तोंडी ते ऐकून चंपतराव आठ दिवस तरी पोट धरून हसले असते, आणि नंतर साऱ्या कॉलनीला हसवलं असतं.

हे सगळं सुरू झालं भूमिकाच्या शाळेपायी. चौथीच्या पालकांच्या ग्रुपवर सूचना आली होती की कोजागिरीच्या आधी शाळेत भुलाबाईचा उत्सव होईल. मुलींनी गाणी म्हणायची आणि ती त्यांच्या आयांनी शिकवायची. मुलांसाठी शेजारच्या हॉलमध्ये विज्ञान प्रदर्शन. बाबा लोकांनी शिडी आणि दिव्यांच्या माळा घेऊन यावं. श्वेता एका वीज प्रकल्पाच्या वसाहतीत वाढलेली. तिथं गरबा होता, दुर्गापूजा होती, भुलाबाई नव्हती. तरी वर्गातल्या आयांची पुढारी म्हणून तिचंच नाव लागलं होतं. ती मोबाइलवर गाणी शोधायची, तर त्यात ढोल वाजायचे आणि शब्द त्यात बुडून जायचे.

तीन-चार दिवस शालिकरामनं ते सहन केलं. मग एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणाला, "हे असं नाही वं. मले येते थोडंबहुत."

"तुम्हाले? कसं काय?"

"ताराबाई म्हणे ना लहानपणी. कानावर पडलं माह्या."

त्याला येत होतं हे खरं होतं. ताराबाईचं मात्र खोटं होतं.

ताराबाई म्हणजे त्याची थोरली बहीण. नरखेड तालुक्यातल्या त्यांच्या गावी भादवी पौर्णिमेला घरोघरी मातीची भुलाबाई बसायची, वर ज्वारीच्या धांड्यांचा मखर, आणि मग महिनाभर रोज संध्याकाळी पोरींचा घोळका या अंगणातून त्या अंगणात. टिपऱ्या वाजायच्या, गाणी संपली की झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा. ताराबाईला खाऊ ओळखता यायचा, गाणं नाही. तिचा सूर एकीकडे आणि टिपरी दुसरीकडे. गायचा तो. तारीच्या मागे मागे गेलेला शालिक हळूहळू घोळक्याच्या मधे जाऊन बसला. पलीकडच्या गावाहून सासरी आलेल्या बायकांकडून त्यानं तिकडची गाणीही काढून घेतली होती. रुसलेल्या भुलाबाईचं एक लांबलचक गाणं होतं. तिची समजूत काढायला एकामागून एक पाहुणे येतात आणि प्रत्येक पाहुण्याला चाल किंचित बदलते. ते पोरींना कधी साधायचं नाही. मग त्या म्हणायच्या, थांबा, शालिकला येऊ द्या.

पाचवीत मास्तरांच्या कानावर हे गेलं. त्यांनी एका मुलीची ओढणी मागून घेतली, त्याच्या डोक्यावर टाकली आणि म्हणाले, हं, म्हण आता. त्यानं म्हटलं. खुळा तो, त्याला वाटलं मास्तरांना खरंच ऐकायचं आहे. डोळे मिटून, जीव लावून त्यानं दोन कडवी म्हटली, आणि डोळे उघडले तेव्हा अख्खा वर्ग बाकांवर लोळत होता. मॅट्रिक होईपर्यंत त्याचं नाव भुलाबाईच राहिलं. बापानं दुसऱ्या वर्षी त्याला संध्याकाळी ढोरं आणायचं काम लावून दिलं. तोही गुमान जाऊ लागला.

पुढे एसटीचं स्टेअरिंग हातात आलं. काटोल, नरखेड, मोवाड, सगळा तोच मुलूख. आश्विनात दिवेलागणीला एखाद्या गावातून गाडी जायची तेव्हा अंगणातून टिपऱ्या ऐकू यायच्या, आणि शालिकरामचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. गाडी रांगायला लागे. कंडक्टर मागून ओरडे, काय झालं गा? तो म्हणे, ढोरं आहेत रस्त्यावर. ढोरं नसत. गाव मागे पडेपर्यंत तो कान खिडकीशी ठेवी, मग गिअर टाकी. बायकोला, प्रेमिलालाही, हे त्यानं कधी सांगितलं नाही. एक मुलगी झाली असती तर भुलाबाई घरातच बसली असती, कुणाला काही सांगावंही लागलं नसतं. पण झाला दुर्गेश, आणि एकच. प्रेमिला गेली त्याला आता पाच वर्षं झाली.

तर अशी ही शिकवणी पंख्याच्या घरघरीत सुरू झाली. श्वेता शिकली ते शब्द आणि ठेक्यावरून अंदाजानं बांधलेली चाल. ती चार जणींना शिकवली, त्यांनी आपापल्या मुलींना. आजोबांच्या पुढ्यात बसून भूमिका टिपऱ्या धरायची आणि तो नुसत्या मानेनं, हां, नाही, पुन्हा, असं सांगायचा. पोरगी हुशार, तिनं मानेवरून चाल उचलली. शाळेत तालीम झाली तेव्हा मुख्याध्यापिका इंदुताई हरखून गेल्या. ही गाणी कुठेच ऐकायला मिळत नाहीत, कुणाकडून मिळवलीत? श्वेतानं सांगितलं, आमच्या ताराआत्यांची आहेत. झालं. इंदुताईंनी ताराआत्यांचा सत्कार ठरवला, आणि शहरातल्या केबल चॅनलवाल्यांनाही बोलावून घेतलं.

शालिकरामनं गच्चीवर जाऊन बहिणीला फोन लावला.

"बाई, एक काम कर माहं. वाडीले ये आणि सत्कार घेऊन घे."

"माहा? कशाचा?"

त्यानं सगळं सांगितलं.

"आन गाणं म्हणायले लावलं तं?"

"घसा बसला म्हण."

"तुले सरळ सांगाले काय होते गा, शालिक?"

"दुर्गेश आहे, त्याचे दोस्त आहेत, कॉलनीतले लोकं आहेत. आता या वयात काहून..."

"बरं," ताराबाई म्हणाली. "येतो मी."

उत्सवाच्या दिवशी शालिकराम सकाळपासून शिडीवर होता. हॉलच्या चारही बाजूंनी त्यानं माळा सोडल्या, मखराला मागून तार बांधली, आणि मधल्या भुलाबाईकडे दोन-तीनदा नीट पाहून घेतलं. मातीची, रंग जरा जास्तच भडक, पण होती खरी. चार वाजता चॅनलची मुलगी, हिमानी, माइक घेऊन आली. कॅमेरा लागला, नऊवारीतल्या आया ओळीनं उभ्या राहिल्या.

"काका, थोडे बाजूले व्हा ना," हिमानी म्हणाली. "फ्रेममध्ये येऊन राहिले तुम्ही. बायकांचा सण आहे, पाहणाऱ्याले विचित्र वाटते."

तो बाजूला झाला. बाजूला होण्याची त्याला सवयच होती. शिडी उचलून तो दारापाशी गेला. तिथे चपलांचा ढीग होता आणि त्या ढिगाला राखण बसल्यासारखे मुलींचे बाप मोबाइल घेऊन उभे होते. दुर्गेशही त्यांच्यातच होता.

गाणी सुरू झाली. भूमिका पुढे होती. शब्द बरोबर होते, टिपरी बरोबर होती, पण चाल जिथे वळायची तिथे ती नुसती पुढे सरकत होती. सांगितल्याशिवाय कुणाला कळलं नसतं. शालिकरामची मान मात्र प्रत्येक वळणाला आपोआप हलत होती, नाही, पुन्हा. इतक्या वर्षांनी ही गाणी त्याच्या कानांशी होती, हाताच्या अंतरावर, आणि तो मात्र चपलांत उभा होता. त्याला फार वाईट वाटलं.

मग सत्कार झाला. इंदुताईंनी ताराबाईला साडी दिली, नारळ दिला, लोकपरंपरा जपणाऱ्या माउली वगैरे म्हणून झालं. टाळ्या वाजल्या. "आता आत्यांनी एक तरी गाणं म्हणावं," असं म्हणून त्यांनी माइक पुढे केला.

ताराबाईनं घसा खाकरला. आता ती घसा बसल्याचं सांगणार म्हणून शालिकरामनं श्वास सोडला.

"मॅडम," ती म्हणाली, "माह्या नावावर आजवर काहीच झालं नाही. बापाचं वावर झालं ते भावाच्या नावावर. घर झालं ते पोराच्या. आज पहिल्यांदा काही नावावर होऊन राहिलं, तं ते बी माहं नाही."

बायका हसल्या. आजी गमतीच्या आहेत असं त्यांना वाटलं. शालिकराम हसला नाही. बापाच्या त्या शेताचं तिनं आजवर त्याच्यासमोर कधी काढलं नव्हतं.

"मले एक गाणं धड येत नाही. हे सगळे गाणे माह्या भावाचे आहेत. त्यानंच शिकवले सुनेले. तो काय तिथं, चपलाजवळ उभा आहे."

सगळा हॉल दाराकडे वळला. श्वेता तोंडावर हात ठेवून सासऱ्याकडे पाहत राहिली. बापांमधून कुणीतरी हळूच "अरे बाप रे" म्हणालं.

"ये गा, शालिक," ताराबाई माइकमधून म्हणाली.

दुर्गेशनं त्याचं कोपर धरलं. त्याचे कान लाल झाले होते. "बाबा, राहू द्या. चाला आपण घरी. लोकं हसतील तुमच्यावर."

हसतील हे शालिकरामला दुर्गेशपेक्षा जास्त माहीत होतं. हसणं त्यानं एकदा पुरतं पाहिलेलं होतं आणि त्याच्या भीतीनं सगळा जन्म काढला होता. पण ये म्हणणारं त्यानंतर कुणी भेटलं नव्हतं, आणि आज गेलो नाही तर पुन्हा कुणी म्हणणार नाही, हेही त्याला तितकंच लख्ख दिसलं. त्यानं मुलाचा हात हलकेच सोडवला आणि चपला काढल्या.

बायकांनी सरकून सतरंजीवर जागा केली. तो भूमिकाच्या शेजारी मांडी घालून बसला. समोर भुलाबाई होती. त्यानं डोळे मिटले नाहीत, या वेळी नाही. रुसलेल्या भुलाबाईच्या गाण्याची पहिली ओळ त्यानं उचलली, अंगणात उचलायचा तिथूनच, आणि दुसऱ्याच शब्दाला त्याचा आवाज फाटला.

मागे कुणीतरी खुदकन हसलं. त्यानं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथंच फाटला.

तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. गाणं त्यानं सगळं जपलं होतं, शब्द, वळणं, थांबायच्या जागा, पण ते दहा वर्षांच्या पोराच्या आवाजात जपलं होतं. कुणाला शिकवतानाही पुटपुटलाच होता. त्याचा आवाज मधल्या काळात कुठे जाऊन बसला हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. त्यानं गाणं सोडून दिलं. हात मांडीवर ठेवले. इंदुताई सावरून घ्यायला पुढे झाल्या, हिमानीनं कॅमेरावाल्याला काहीतरी खूण केली.

"आबाजी," भूमिका त्याच्या कानाशी म्हणाली, "खालच्या सुरात म्हणा ना."

"खालून तुम्हाले जमणार नाही वं, पोरी."

"म्हणा तं."

तिनं टिपरी वाजवली. जिथे आवाज आपोआप टिकला तिथून त्यानं ओळ म्हटली. जाडाभरडा, घोगरा आवाज, पण तो फाटला नाही. पहिल्या वळणावर तो नेमका वळला आणि ताराबाईनं मान डोलावली. दुसरी ओळ त्याला एकट्यालाच म्हणावी लागली. तिसऱ्या ओळीला भूमिका आली. इतकं खाली उतरायचं म्हणून तिला हनुवटी गळ्याशी टेकवावी लागत होती. मग श्वेता आली. मग बाकीच्या मुली आणि आया, कुणी अडखळत, कुणी मधेच सूर सोडून परत धरत. भुलाबाईचा पहिला पाहुणा दाराशी येईपर्यंत सगळ्या जणी त्याच्या पट्टीत उतरल्या होत्या.