चिमूटभर मीठ

ऐक ना, मध्ये बोलू नकोस. छापखान्याच्या कॅन्टीनमधल्या मावशी आठ महिन्यांनी कामावर आल्या. कॅन्सर झाला होता, आता बऱ्या आहेत. डोक्यावर बोटभर केस, त्यावर रुमाल. अंगात ताकद आलीय, पण केमोनंतर जिभेला चवच नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. मावशींनी मात्र ते कुणाला सांगितलं नाही. जिला मीठ कळत नाही तिला पातेल्यापाशी कोण उभं करणार?

पहिल्या दिवशी हाताच्या अंदाजाने बटाट्याचं सूप केलं. जो तो म्हणतोय, "मावशी, झकास." मावशी खूश. मग टेबलं पुसायला गेल्या, तर पाण्याचे चारही जग कोरडे ठणठणीत.

म्हणजे सूप खारट झालेलं, आणि एकानेही सांगितलं नाही. त्यातून बाइंडिंग खात्यातला एक खडूस कामगार, अकरा वर्षं रोज मिठावरून भांडणारा, त्यानेही वाटी चाटूनपुसून संपवलेली. मावशींना ते जास्त लागलं. म्हणजे आता आपण इथे पाहुण्या.

मग दुसऱ्या दिवशी या बाईंनी काय करावं? एकट्या खडूसच्या वाटीत दोन चमचे मीठ जास्त घातलं आणि कमरेवर हात ठेवून समोर उभ्या राहिल्या.

"कसं झालंय?"

"छान." डोळ्यांत पाणी.

"आणखी वाढू?"

त्याने चमचा खाली ठेवला. "मावशी, तुम्हाला वाकडं बोलायचं नाही अशी घरून तंबी आहे मला. पण बीपी आहे हो मला. हे सूप आहे की समुद्र?"

आणि मावशी बाकावर बसून अशा हसल्या की रुमाल घसरून मानेवर आला. "आठ महिने जो तो गोडच बोलतोय रे, कान किटले माझे." मग जिभेचंही सांगून टाकलं.

तेव्हापासून रोज साडेअकराला खडूस हाताचा डिंक धुऊन चव बघायला हजर.

"कमी आहे."

"कमी नाही, तुझी जीभ जाड आहे."

"घाला हो चिमूटभर."

तर परवा काय झालं, तो यायच्या आधी मावशींनी सहज चमचा तोंडाला लावला, आणि मीठ लागलं. अगदी बरोबर लागलं. तेवढ्यात तो आलाच, "कमी आहे" म्हणत. मावशींनी गुपचूप चिमूटभर घातलं. चव आली म्हटलं तर साडेअकराचं भांडण बुडेल ना.

तू काय केलं असतंस? सांगितलं असतंस त्याला?