तिसऱ्या बाटलीतलं पाणी

सुगतने तिसऱ्या बाटलीभोवतीचं ओलं फडकं सोडलं आणि बाटली तान्ह्या लेकरासारखी दोन्ही हातांनी उचलून उभीच्या उभी टेबलावर ठेवली. हलवायची नाही, हे त्याने देवमनभाऊजींना सकाळपासून बजावून ठेवलं होतं. या बियरमधलं यीस्ट जिवंत असतं, तळाशी बसून असतं. बाटली हलली की ते उठतं.

देवमनला हे सगळे नखरेच वाटत होते. अकोल्याचा मे महिना, भर दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नव्हतं, आणि हा शहाणा साळा इंग्लंडहून बियर आणतो ती फ्रिजमध्ये ठेवू देत नाही. फार थंड केली तर चव मरते म्हणे. मग कूलरसमोर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. पहिली बाटली देवमनला निवलेल्या कोऱ्या चहासारखी लागली. दुसरी काळीकुट्ट होती, तिला करपलेल्या गुळाचा वास होता. ती मात्र त्याने मिटक्या मारत संपवली, आणि हे गरम पाणी पिऊन इंग्रजांनी राज्य तरी कसं केलं, असंही वर विचारून घेतलं. सुगत पुष्कळ दिवसांनी मनापासून हसला. तिकडे इंग्लंडात, डर्बीत तो रविवारी एकटाच अशा चवी घेत बसायचा. इथे निदान नाक मुरडायला तरी कोणी होतं.

दोघांच्या शेजारी खाटेवर सुगतची आई ललिता बसली होती. थोरली बहीण माया, म्हणजे देवमनची बायको, भावाच्या बॅगेत घालायला हळद नि पापड आणायला बाजारात गेली होती. ती घरात असती तर बाटल्या बाहेर निघाल्याच नसत्या. आई पंचशील पाळणारी. तरणेपणी तिने नवऱ्याच्या हातची बाटली घेऊन उकिरड्यावर फोडली होती आणि मग आठवडाभर त्याच्याशी बोलली नव्हती. आता समोर बाटली कशाची आहे हेही तिला कळत नव्हतं. लेक कळायची, जावई कळायचा. सुगत तेवढा कळत नव्हता. आल्यापासून ती त्याला साहेब म्हणत होती. साहेब, बसा. साहेब, पाणी घेता का. त्याने जुने फोटो दाखवले, लहानपणच्या खोड्या सांगितल्या. ती आदबीने मान हलवायची आणि पदर नीट करायची. उद्या त्याची गाडी होती. आईने एकदा, फक्त एकदा सुगत म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. पुढच्या खेपेला ती असेल की नाही, या भीतीने त्याला रात्री झोप येत नव्हती.

त्याने बाटली तिरपी करून अगदी हळू दोन ग्लासांत ओतली. वास आधी आला. नुकत्याच विझवलेल्या काडीचा, थोडा नासक्या अंड्याचा. देवमनने तोंड फिरवलं. ही बर्टन नावाच्या गावची, सुगत सांगू लागला. तिथल्या विहिरींचं पाणीच असं जड, खडकातून झिरपलेलं, म्हणून तर त्या गावची बियर नावाजली. मग त्याने घोट घेतला आणि लगेच दुसरा.

आधी तुरट, मग खारं, आणि शेवटी पाटीवरची पेन्सिल चाटल्यासारखं. ही चव त्याच्या ओळखीची होती. दर्यापूरकडच्या खारपाण पट्ट्यात तो याच पाण्यावर वाढला होता. वस्तीच्या विहिरीचं पाणी. त्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे. त्याच विहिरीत त्याचा बाप, डोमाजी, गेला. डोमाजी म्हणायचे, अजून खाली गेलो की गोडं लागेल. आई म्हणायची, खालीही खारंच आहे, उगाच जीव घालू नका. त्या सकाळीही दोघांचं यावरूनच वाजलं. डोमाजी रागारागाने खणायला उतरले आणि दुपारी काठ ढासळला. खाली इतका गाळ होता की कोणाला उतरता येईना. शेवटी विहीर तशीच बुजवली, डोमाजींसकट. सुगत तेव्हा सहावीत होता. अमरावतीचा देवमन जावई म्हणून घरात आला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. सासऱ्यांना त्याने पाहिलं नव्हतं.

सुगत उठला आणि आईचा पाण्याचा पेला घेऊन आला. तो काय करतोय हे देवमनच्या ध्यानात यायला एक क्षण लागला. त्याने सासूकडे पाहिलं.

"सुगतभाऊ, हे बराबर नाई. आत्याबाईनं जन्मभर शिवलं नाई याले."

"एकच घोट, भाऊजी. तिनं हे पानी ओळखलं, तं मले बी ओळखेल."

 मायाला कळलं तर दोघांचंही काही खरं नव्हतं, पण सुगतचा चेहरा बघून त्याला अडवायचं देवमनच्या जिवावर आलं.

बाटलीत आता तळाचंच उरलं होतं. ओतताना बाटली हलली, यीस्ट उठलं आणि पेला गढूळ झाला. आईने तो दोन्ही हातांनी धरला. औषधासारखा नाही, शेतातून उन्हाची आलेली बाई पिते तसा तिने तो घटाघटा तळापर्यंत रिकामा केला.

त्याच वेळी लाइन गेली. कूलरची घरघर थांबली आणि त्याच्या वाळ्याच्या ताट्यांतून गळणारे थेंब ऐकू येऊ लागले. खोलीत एक वास होता. वाळ्याचा असेल म्हणून सुगतने पुन्हा श्वास घेतला. तो वाळ्याचा नव्हता. खोल खणलेल्या काळ्या मातीचा, ओल्या गाळाचा होता.

"खारंच लागलं नं," आई म्हणाली. आवाज तिचाच होता, पण कितीतरी वर्षांपूर्वीचा, भांडताना लागायचा तसा खणखणीत. "म्या म्हनलं होतं."

सुगत तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. "आई, मी कोन आहो?"

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती त्याच्या खांद्यावरून मागे, उघड्या दाराकडे बघत होती. तिने डोक्यावरून पदर घेतला. खाटेवर थोडी सरकली आणि बाजूला जागा केली.

"अजी, या आता वर," ती म्हणाली. "सुगत आला."

त्याला हवं होतं ते मिळालं. आणि त्याच क्षणी त्याच्या पाठीवर सरसरून काटा उभा राहिला. दार त्याच्या पाठीमागे होतं. मान वळवायची त्याला हिंमत होईना. त्याने देवमनकडे पाहिलं. भाऊजी दाराकडे तोंड करून बसले होते. ते आता काहीतरी थट्टेचं बोलतील, म्हातारीच्या बोलण्यावर हसतील, आणि सगळं पहिल्यासारखं होईल, असं त्याला वाटलं.

देवमन हसला नाही. त्याने हातातला ग्लास घाईघाईने खुर्चीमागे लपवला. मनगटाने तोंड पुसलं, शर्टाचं वरचं बटण लावलं, आणि सासरा घरात आल्यावर जावई उठतो तसा तो खाली मान घालून उठून उभा राहिला.